हायवेकाठची कुजबुज

हायवेला खेटून उभ्या असलेल्या त्या सरकारी वसाहतीत कुणी हळू बोलायला लागलं, की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होई. कारण साधं होतं. खिडक्यांखालून दिवसभर ट्रक, टँकर आणि बसगाड्या धावत. त्यांच्यावर आवाज चढवल्याशिवाय ‘मीठ दे’ एवढंसुद्धा सांगता येत नसे. त्यामुळे कौतुक, विनोद, निरोप, चौकशा, सगळं तारस्वरात चाले. कुणाला कुणाचा खरोखरच राग आला, तर मात्र तो त्याला घरात बोलावून घेई, खिडक्या घट्ट लावी आणि दबक्या आवाजात एकेक शब्द चावून बोले. भांडण पुरतं ऐकू जायला नको का? नाहीतर अर्धं भांडण ट्रकखाली जायचं आणि उरलेल्या अर्ध्यातून भलताच अर्थ निघायचा. ओरडेल तो आपला आणि कुजबुजेल तो वैरी, असा तिथला रोकडा हिशेब होता.

तळमजल्यावर, हायवेच्या अगदी नाकासमोर, काकू राहत. कपडे उसवून, आत घेऊन, लांबीला कमी करून देण्याचा त्यांचा धंदा. पुढच्या खोलीतल्या खिडकीत शिलाई मशीन होतं. उजेड चांगला येई, गिऱ्हाईक दिसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी चार गोष्टी ओरडता येत. घरात मुलगा होता, तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जाई. सून दवाखान्यात फोनवर बसून पेशंटना नंबर देई. आणि नात होती, साडेचार वर्षांची. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

सून गावाच्या शांत भागातून आलेली. तिचा आवाज मऊ, हळू. काकू चारचौघांत अभिमानाने ओरडून सांगत, “सून असावी तर अशी! तोंडातून ब्र काढत नाही!”

भिंगरी बालवाडीत जाऊ लागली आणि काकूंच्या सुखाला दृष्ट लागली. एके दिवशी तिच्या बाईंनी सुनेला थांबवून घेतलं. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे हो. गाणी सगळी पाठ. पण ती गाणं म्हणते तेव्हा बाकीची मुलं कानांवर हात ठेवतात. काल तिनं शेजारणीकडे रंगीत खडू मागितला, तर ती बिचारी रडायलाच लागली. हिला वाटतं, सगळं जग बहिरं आहे.”

त्या संध्याकाळी सुनेने आतल्या खोलीची खिडकी लावली. काकू हातातलं शिवण टाकून उठल्या. त्यांनी दाराला कान लावला. सुनेचा आवाज इतका स्पष्ट त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू येत होता.

“भिंगरीची पहिलीची शाळा सुरू व्हायच्या आत आपण दुसरीकडे राहायला जाऊ,” सून नवऱ्याला सांगत होती. “दादाने त्याच्या बाजूला एक घर बघून ठेवलंय. गल्ली शांत आहे.”

“आणि आई?”

“त्यांचं गिऱ्हाईक इथं आहे. त्या कशा येतील?”

काकू दारापासून बाजूला झाल्या. मशीनवर बसून त्यांनी एका माणसाच्या विजारीचा उजवा पाय डाव्याला शिवून टाकला. घरातून भिंगरी जाणार होती. बाकी काय आत घ्यायचं, काय लांब ठेवायचं, ते त्यांना कळत होतं. हे एवढं त्यांच्या हातातलं नव्हतं.

आणि अशा वेळी, देवाने बोट धरून पाठवल्यासारखी, सरकारच्या घरबांधणी मंडळाने वसाहतीची नवी आखणी दाखवायला आर्किटेक्टबाई पाठवली.

ती तरुण होती, हुशार होती, आणि बोलायला सुनेसारखीच मऊ. वसाहतीच्या अंगणात टेबल टाकून तिने पुठ्ठ्याचा एक नमुना मांडला. त्यात इमारती याच होत्या, पण हायवे आणि इमारती यांच्यामध्ये मातीचा उंच, लांबलचक बांध होता आणि बांधावर स्पंजची हिरवी झाडं. बांधाच्या अलीकडे बाकं, गवत, मुलांना पळायला वाट. घरांची मांडणीही फिरवली होती: स्वयंपाकघरं रस्त्याच्या बाजूला, झोपायच्या खोल्या मागे. बाई बराच वेळ बोलत होती. त्यातलं कुणालाही काही ऐकू गेलं नाही. पण बांध दिसत होता, आणि बांधामागे हायवे लपतो हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

वसाहत आनंदाने वेडी झाली.

पहिला पुढे झाला तो भोंगा. हा कापड गिरणीतला निवृत्त पहारेकरी. त्याचं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. त्याने टेबलावर मूठ आपटली आणि आर्किटेक्टबाईच्या कानाशी गरजला, “ही झाडं इथून हलवाल तर याद राखा!”

“आम्हाला इतकी वर्षं कुणी विचारलं नाही! आज आलात होय!” तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई डोळ्यांत पाणी आणून किंचाळल्या. तो त्यांचा कृतज्ञतेचा आवाज होता.

काकूंनी तर गर्दीत मुसंडी मारून आर्किटेक्टबाईचा दंडच धरला आणि गदागदा हलवला. “सोडणार नाही तुम्हाला!” त्या ओरडल्या. “चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!” पण तेवढ्यात एक टँकर गेला आणि चहा घेऊन गेला.

आर्किटेक्टबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्याबरोबर मंडळाचे एक साहेब होते, घाम पुसणारे. त्यांनी नमुना काखेत मारला, बाईला गाडीत कोंबलं आणि गाडी सुरू केली. सगळी वसाहत गाडीमागे धावत गेली, हात उंचावून, आरडाओरडा करत. इतका हृद्य निरोप त्या साहेबांना आयुष्यात कुणी दिला नसेल.

पुढच्या आठवड्यात जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली. नर्सताईंनी ती सगळ्यांना वाचून, म्हणजे ओरडून, दाखवली. ‘रहिवाशांनी व्यक्त केलेल्या तीव्र भावनांचा आदर करून हायवेलगतचा हरित बांध रद्द करण्यात येत आहे. त्याऐवजी इमारतींच्या मागे शोभेच्या कुंड्या ठेवण्यात येतील. अंतिम निर्णय मंडळाच्या पुढील सभेत होईल.’

“तीव्र भावना?” भोंगा म्हणाला. “कुणी दुखावलं तिला? नाव सांगा, तंगडी मोडतो!”

काकू घरी आल्या त्या पाय ओढत. सून भाजी निवडत होती. काकूंनी तिला सगळा प्रकार सांगितला, आणि सून चक्क हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठून तिने खिडकी लावली आणि म्हणाली, “आई, तुम्ही सगळे तिच्या अंगावर धावून गेलात.”

“आम्ही? अगं, आम्ही तर छान म्हणालो!”

“तुमचं छान तिला शिवीसारखं ऐकू आलं असणार. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन महिने मला वाटत होतं, तुम्ही मला घराबाहेर काढणार आहात.”

काकूंनी निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली. मग धीर करून म्हणाल्या, “तू जाऊन सांग ना तिला. तुझं बोलणं तिला समजेल.”

“मी एकटी सांगून काय होणार? तिला वसाहतीचं म्हणणं हवंय.”

“मग आम्हाला शिकव. तुझ्यासारखं बोलायला.” आणि मग काकूंनी जे दाराआडून ऐकलं होतं ते, नको नको म्हणताना, तोंडातून निसटलं. “बांध झाला तर भिंगरीला नेणार नाहीस ना?”

सुनेने भाजीतली एक काडी हातात फिरवली. “बांध होऊ दे आधी,” ती म्हणाली.

आश्वासन काही ते नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी तर सुनेच्या हातात दिसतच होती.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या जिन्यात शिकवणी सुरू झाली. तिथे त्यातल्या त्यात गोंगाट कमी. सून पायरीवर उभी राही आणि समोर वसाहतीतली मोठी, टक्कल पडलेली, नातवंडं असलेली माणसं मुलांसारखी ओळीने बसत. तिने प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी दिली. “ही ओठांसमोर धरा. बोलताना हलली, तर आवाज मोठा.” भोंग्याची पट्टी पहिल्याच शब्दाला उडून खालच्या मजल्यावर गेली. भिंगरी कठड्यावर चढून बसलेली असे आणि कुणी चुकलं की सगळ्यांच्या वरताण ओरडे, “हळूऽऽ!”

माणूस शिकतो, त्याला वेळ द्यावा लागतो. आठवड्याभरात पट्ट्या हलेनाशा झाल्या. पण त्याच आठवड्यात वसाहतीत जेवढी भांडणं झाली, तेवढी तोवर झाली नव्हती.

नर्सताई सराव म्हणून भोंग्याला हळूच म्हणाल्या, “तुमच्या चपला जरा बाजूला ठेवाल का?” भोंग्याचे डोळे लाल झाले. “काय वाकडं केलंय मी तुमचं?” तोही तितक्याच हळू विचारता झाला, आणि नर्सताईंच्या अंगावर काटा आला. दोन सख्ख्या जावा एकमेकींना मृदू आवाजात ‘ये, बस’ म्हणाल्या आणि त्यानंतर बोलायच्या बंद झाल्या. कळस केला तो भोंग्यानेच. त्याने घरी जाऊन बायकोला अगदी शिकवल्याप्रमाणे, पट्टी न हलवता सांगितलं, “चहा देतेस?” ती हातातलं काम टाकून, पिशवी भरून, भावाकडे निघून गेली. जाताना साऱ्या जिन्याला ऐकवून गेली, “अख्ख्या संसारात हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता!”

काकू सुनेकडे आल्या. “अगं, तू शिकवलंस ते बरोबरच असेल. पण हळू बोलायचं म्हटलं की आमच्या भुवया आपोआप आवळतात. दात आपोआप दाबले जातात. त्याला काय करायचं?”

“चेहरा सैल सोडा,” सून म्हणाली.

“राग आल्याशिवाय हळू बोलायची सवयच नाही ना आम्हाला. चेहरा कुठून सैल आणायचा?”

सुनेने त्यांच्या हातात आणखी एक पट्टी ठेवली. सभेचा दिवस तोवर उजाडला होता.

ही सभा मंडळाच्या कचेरीत होती. जमिनीवर गालिचा, खिडक्यांना दुहेरी काचा. वसाहतीतली माणसं आत शिरली आणि जागच्या जागी थबकली. इतकी शांतता त्यांनी फक्त मोठ्या भांडणाच्या आधी ऐकली होती. आपोआप सगळ्यांच्या भुवया आवळल्या.

साहेब खुर्चीत होते. आर्किटेक्टबाई त्यांच्या शेजारी, दाराच्या जवळची खुर्ची निवडून बसलेली. “आपलं काही म्हणणं असेल तर शांतपणे मांडावं,” साहेब म्हणाले.

भोंगा उठला. सावकाश टेबलापर्यंत गेला. दोन्ही तळवे टेबलावर टेकून साहेबांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि कागदाची पट्टीसुद्धा हलणार नाही अशा आवाजात, दातांच्या फटीतून म्हणाला, “साहेब. झाडं. हायवेच्याच बाजूला. आम्ही वाट बघतोय.”

साहेबांनी गळ्याचं बटण सैल केलं.

नर्सताई पुढे आल्या. “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात,” त्या डोळे बारीक करून कुजबुजल्या. “तुम्हाला काही होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.” शुभेच्छाच होती ती. आर्किटेक्टबाईने खुर्ची आणखी दाराकडे सरकवली.

मग काकू उठल्या. शिकवणीत त्या सगळ्यांत हुशार निघाल्या होत्या. चेहरा सैल सोडायचा त्यांनी प्रयत्न केला, पण भिंगरीचा विचार मनात आला आणि जबडा पुन्हा आवळला गेला. त्यांनी आर्किटेक्टबाईचा हात हातात घेतला आणि अगदी कानाशी जाऊन म्हणाल्या, “तुमच्या त्या रस्त्यामुळे माझ्या घरातलं माणूस जाणार आहे. तुम्ही मनात आणलं तर थांबवू शकता. थांबवाल ना, बाळा?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“पहिल्या वेळी ओरडत होते तेच बरं होतं,” साहेब आर्किटेक्टबाईच्या कानात म्हणाले. “ओरडणाऱ्याला समजावता येतं.” आणि मोठ्याने म्हणाले, “बांध मंजूर! हायवेच्याच बाजूला! झाडं हवी तेवढी!”

वसाहतीतली माणसं इतकी खूश झाली, की गेले कित्येक दिवस आवरून धरलेला आवाज सगळ्यांच्या गळ्यातून एकदम सुटला. त्या दुहेरी काचा थरथरल्या. साहेबांनी दुसऱ्या कागदावरही सही केली. तो कागद कशाचा होता, ते त्यांना आजतागायत माहीत नाही. वसाहतीच्या गच्चीवर मात्र वेलींचा मांडव उभा राहिला.

पुढे आर्किटेक्टबाईला या कामाबद्दल मानाचं पदक मिळालं. ‘लोकांचं ऐकणं’ या विषयावर तिने ठिकठिकाणी व्याख्यानं दिली. शास्त्रीय पद्धतीने समजावल्यावर कडवा विरोधही कसा मवाळ होतो, हे तिने उदाहरणासह पटवून दिलं. तिचं खोटं होतं असं कुणी म्हणू नये. तिने जे पाहिलं तेच ती सांगत होती.

माती आली, रोलर फिरले, बांध उभा राहिला. रोपं आधी काड्यांसारखी दिसत. मग त्यांना पानं फुटली, मग सावली. घरांच्या भिंती फिरल्या. काकूंची पुढची खोली मात्र तीच राहिली, फक्त खिडकीत आता ट्रकऐवजी हिरवा उतार दिसू लागला. हायवे कुठेतरी पलीकडे, भात शिजताना रटरटावं तसा मंद वाजे. पहिले काही दिवस लोक बावरून गेले. वरच्याचं घोरणं खालच्याला ऐकू येई, खालच्याचा जप वरच्याला. भोंग्याची बायको परत आली होती. ती त्याला म्हणाली, “तुझा आवाज बरा आहे की! इतकी वर्षं कळलंच नव्हतं.”

काकूंचा जीव मात्र टांगणीला लागलेला. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते, आणि सून दादाच्या गल्लीतल्या घराबद्दल ना हो म्हणत होती, ना नाही. विचारायची काकूंना छाती होत नव्हती. विचारलं आणि उत्तर आलं तर? पूर्वी उत्तर ऐकूच येत नसे, म्हणून विचारायला भीती वाटत नसे.

एका सुट्टीच्या सकाळी काकू मशीनवर बसल्या होत्या. भिंगरी बांधाच्या उतारावरून लोळत खाली येत होती आणि पुन्हा वर चढत होती. सून चहाचे दोन कप घेऊन आली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. काकूंनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“साखर विसरलीस.”

“विसरले नाही. मला बिनसाखरेचा लागतो. आज म्हटलं, दोघींना एकच करू.”

“तुला बिनसाखरेचा? कधीपासून?”

“पहिल्यापासून. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हसून मान डोलावलीत आणि दोन चमचे घातलेत.”

“मग प्यायलीस कशाला इतकी वर्षं?”

“मला वाटलं, मुद्दाम घालताय.”

काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. “आणखी काय काय सांगितलंस तू मला?”

सुनेने सांगायला सुरुवात केली. जाड चादर नको म्हणून सांगितलं होतं. भिंगरीला दुपारी झोपवू नका म्हणून सांगितलं होतं. कपाटातला एक कप्पा मागितला होता. प्रत्येक वेळी काकूंनी प्रेमाने मान हलवली होती आणि पुढे काहीच केलं नव्हतं.

“मी सगळीकडे सांगायचे,” काकू हळूहळू म्हणाल्या, “सून किती गुणाची, कशाबद्दल तक्रार नाही.”

“आणि मी माहेरी सांगायचे, सासू किती चांगल्या, कशाला नाही म्हणत नाहीत. फक्त करत काहीच नाहीत.”

हसावं की खिडकी लावून घ्यावी, हे दोघींनाही ठरवता येईना. शेवटी काकूंनीच जीव मुठीत धरून विचारलं, “दादाला काय सांगितलंस?”

“घर नको म्हणून सांगितलं. गेल्याच आठवड्यात.”

काकूंच्या डोळ्यांसमोर बांध, झाडं आणि लोळणारी भिंगरी एकात एक मिसळून गेली. त्यांनी पदराने नाक पुसलं. “अगं, मग आधी नाही का सांगायचं!”

“सांगणारच होते. एक अट आहे.” सून खिडकीकडे बघत होती. “हे मशीन आतल्या खोलीत न्यायचं. भिंगरीच्या अभ्यासाचं टेबल इथं ठेवायचं. झाडांसमोर.”

काकूंची ही खिडकी. अर्धं आयुष्य त्यांनी तिच्यातून ट्रक बघितले होते, आणि आता कुठे बघण्यासारखं काही आलं होतं. त्यांनी कानामागे हात नेला. “काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं.”

सुनेने तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात, पुन्हा सांगितलं.

काकूंनी आशेने बाहेर पाहिलं. एखादा टँकर, निदान एखादी बस. पानं हलत होती. भिंगरी कुणा मुलीकडे रंगीत खडू मागत होती, आणि ती मुलगी देतही होती.

“बघत काय बसलीस?” काकू उठत म्हणाल्या. “धर तिकडून. जड आहे ते.”